आईची जागा हट्ट्यापासून मोजा

‘नर्सिंग होम’ची पाटी परभणीत दिसो की वसमतला, आपल्या डोळ्यांपुढे बाळंतीण आणि सलाईनचा स्टँड येतो. मराठीत तो छोटा दवाखानाच. थकलेल्या आईवडिलांना सांभाळणारी जागा म्हणजे वृद्धाश्रम, आणि हा शब्द हट्ट्यासारख्या गावात अजून दबक्या आवाजात बोलला जातो. बोलायलाच हवा, कारण मुलगा चाकणला आणि म्हातारी एकटी, अशी घरं आता थोडी नाहीत.

मुलगा जागा शोधतो ती पुण्यात, स्वतःच्या घराजवळ. मला ते पटत नाही. तिथं आईला भेटणारा तो एकटाच. गावाजवळ, परभणी-नांदेडला ठेवली, तर दवाखान्याला आलेली शेजारीण डोकावेल, लेक येईल, भाऊबंदांपैकी कुणी यंदाच्या हळदीचा भाव सांगून जाईल. अशा अचानक येणाऱ्या माणसांमुळे आश्रमावर लक्षही राहतं.

जागा पाहण्याआधी जमिनीचा विचार करा. बरेच आईबाप मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मागता येते. ही अट कागदावर लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, तेव्हा मुलाने सांभाळाचं लिहून दिलेलं वचनपत्र तिच्या हाती होतं. याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे पोटगीही मागता येते. सल्ल्यासाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

आश्रमात पहिला प्रश्न एकच विचारा: आई अंथरुणाला खिळली तर ठेवाल का? अनेक ठिकाणी फक्त हिंडतं-फिरतं माणूस घेतात, आणि नेमकी गरज पडली की ‘घरी घेऊन जा’ असा फोन येतो. भजनाचा हॉल कुणीही दाखवतो. तुम्ही अंथरुणावरच्या माणसांची खोली पाहायला मागा. रात्री दोनला कूस कोण बदलून देतं, डायपरचे पैसे वेगळे का, कोणत्या दवाखान्यात नेतात, सही कोण करतं, हे तिथं उभं राहूनच विचारा.

आणि आईला सोबत न्या. दिवेलागणीला जा, तिला तिथल्या बायांशी एकटीला बोलू द्या, पंगतीत जेवू द्या. ती ‘इथं नको’ म्हणाली, तर दुसरी जागा शोधा.