दप्तरात रमलेला कवी

युरोपच्या प्रबोधनकाळातला कवी लॅटिनमध्ये महाकाव्य रची आणि धूळ खात पडलेल्या पोथ्याही हुडकून काढी. इटलीचा पेत्रार्क हा अशा कवींचा आदिपुरुष. १३४१ साली रोममध्ये त्याला कवी म्हणून मुकुट चढला. १३४५ मध्ये व्हेरोनाच्या ग्रंथालयात त्याला सिसेरोची पत्रे सापडली. ती वाचून त्याने, जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोला, चक्क उलट पत्र लिहिले.

याच जातकुळीचा माणूस मिरजेत होऊन गेला: वासुदेवशास्त्री खरे. जन्म १८५८ चा, गुहागरचा. साताऱ्यात अनंताचार्य गजेंद्रगडकरांकडे ते संस्कृत शिकले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले आणि पुढे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक झाले. संस्कृत काव्यावर पोसलेल्या या पंडिताने ‘यशवंतराव’ हे महाकाव्य मात्र मराठीत लिहिले. ‘गुणोत्कर्ष’, ‘शिवसंभव’, ‘उग्रमंगल’ ही नाटकेही त्यांचीच.

मिरजेत त्यांना पटवर्धन सरदारांचे दप्तर लाभले. पेशवाईच्या उत्तरार्धात या घराण्यातली माणसे सतत मोहिमांवर असत, आणि छावणीतून घरी पत्रे येत. लढाई, कर्ज, आजारपण, दरबारातली कुजबुज, सारे त्यांत असे. हे कागद वाचणे सोपे नव्हते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ एका दमात धावते. तारखेच्या जागी पुष्कळदा मुसलमानी महिना आणि चंद्र, म्हणजे त्या महिन्यातला दिवस, एवढेच असते, वर्ष नसते. मग मजकुरातल्या एखाद्या मुक्कामावरून किंवा मृत्यूच्या उल्लेखावरून साल ठरवायचे आणि कागद त्याच्या जागी लावायचा.

१८९७ पासून शास्त्रीबुवांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ही पत्रे छापायला घेतली. नुसती नक्कल देऊन ते थांबले नाहीत. प्रसंगाची हकीकत सांगून पत्रे कालक्रमाने मांडली. १९२४ मध्ये ते गेले, तोवर डझनभर खंड झाले होते.

कवितेने त्यांना या कामासाठीच घडवले, असे मला ठामपणे वाटते. पत्रातला राग खरा की दाखवण्यापुरता, आर्जवामागे भीती आहे की कावा, हे ओळखायला व्याकरणाइतकाच कवीचा कान लागतो. तो त्यांच्यापाशी होता, म्हणून त्या खंडांत पेशवाईतली माणसे आपल्याच तोंडाने बोलतात. मिरज म्हटले की आपण अब्दुल करीम खाँसाहेब आणि तंबोऱ्यांचे कारागीर आठवतो. त्या पंक्तीत या शास्त्र्याचे पान मांडलेच पाहिजे.