नसरीन मोहम्मदी : रेषेची चित्रकार

जन्म १९३७, कराची. बालपणीच कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये शिक्षण. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना चित्रकार गायतोंडे यांच्यासारख्या ज्येष्ठांचा सहवास लाभला. १९७२पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन.

सुरुवातीच्या चित्रांत झाडं, पाणी, वाळू यांच्या खुणा दिसतात. सत्तरच्या दशकात कॅनव्हास आणि रंग दोन्ही सुटले. उरला कागद, पेन्सिल आणि काळी शाई. आर्किटेक्ट वापरतात तसलं ड्रॉइंग टेबल आणि मोजमापाची अवजारं घेऊन त्या काम करत. जवळून पाहिलं तर एकेक रेषा वेगळी : कुठे केसासारखी बारीक, कुठे गडद, कुठे विरत गेलेली. आडव्या रेषांच्या दाटीत एखादी तिरकी रेषा आली, की सपाट कागदाला एकदम खोली येते.

त्यांनी टिपलेली छायाचित्रंही आवर्जून पाहावीत. फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, वाळवंट, समुद्रकिनारा, रस्त्यावरचे पट्टे यांत चित्रांतली भूमिती सापडते. हयातीत ती त्यांनी प्रदर्शित केली नाहीत. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. त्यामुळे अभ्यासकांना कालक्रम अंदाजानेच लावावा लागतो.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरची रेषा ढळली नाही. १९९०मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. २०१६ साली न्यूयॉर्कचं ‘मेट ब्रॉयर’ संग्रहालय उघडलं, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचं होतं.