परदेशातून आलेली फी : मदत घ्या, पण हिशोबानं



आपल्या विदर्भात ऊन उतरल्याशिवाय शाळेची घंटा वाजत नाही. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे जून संपता संपता. खर्च मात्र तोवर थांबत नाही. बियाणं, खत, वावराची मशागत आणि त्याच पंधरवड्यात वह्या, दप्तर, बूट, होस्टेलचं डिपॉझिट. त्या महिन्यातलं गटाचं अंतर्गत कर्जाचं रजिस्टर काढून बघा, शाळेसाठी घेतलेली कर्जं किती आहेत ते दिसेल.

अशातच कोणीतरी येऊन सांगतं, "अमेरिकेतली एक संस्था गरिबाच्या मुलांची फी भरते म्हणे. तुमच्या गटातली नावं देऊन टाका." मग बैठकीत प्रश्न सुरू होतात. हे पैसे कोणाचे जी? ते आपल्याला का देतात? उद्या बंद झाले तर पोरीचं काय? कोणी म्हणते, "मिळतात तर घ्या, विचारता कशाला?" तर कोणी म्हणते, "नको बाई ती भानगड."

विचारायलाच पाहिजे. कसं विचारायचं, तेच या लेखात पाहू.

अशा छोट्या संस्था चालतात कशा?

परदेशातली प्रत्येक संस्था मोठी, ऑफिस-गाडीवाली असते असं नाही. पुष्कळ संस्था आपल्या गटासारख्याच असतात. दहा-वीस माणसं नोकरी-धंदा सांभाळून रविवारी एकत्र बसतात. पगार कोणालाच नसतो. कोणी जेवणाचा कार्यक्रम ठेवून तिकिटं विकतं, कोणी धावण्याच्या शर्यतीत उतरून ओळखीच्यांकडून देणगी गोळा करतं, कोणी दर महिन्याला ठरलेली रक्कम देतं.

हिशोब आपल्या ओळखीचाच आहे. समजा, 20 कुटुंबांनी महिन्याला 500 रुपये काढले. महिन्याचे झाले 10,000 आणि वर्षाचे 1,20,000. एका मुलीला वर्षाला 12,000 लागत असतील, तर 10 मुली शिकल्या. देणाऱ्यांपैकी कोणी फार श्रीमंत असावं लागत नाही. नियमित असावं लागतं, एवढंच.

खरी उदाहरणं आहेत. 1978 साली अमेरिकेतल्या मराठी लोकांनी महाराष्ट्र फाउंडेशन सुरू केलं. महाराष्ट्रात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांना त्यातून मदत होते. 1991 साली अमेरिकेत बर्कली इथं शिकणाऱ्या भारतीय तरुणांनी आशा फॉर एज्युकेशन ही संस्था काढली. तिथले कार्यकर्ते बिनपगारी काम करतात. भारतातल्या एखाद्या शिक्षणाच्या कामाची माहिती घ्यायची, कोणीतरी स्वतः जाऊन ते पाहून यायचं, मग पैसे द्यायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

म्हणजे साखळी अशी: तिकडे देणारी माणसं, मध्ये इथली एक नोंदणीकृत संस्था, शेवटी शाळा आणि मूल. साखळीतली एक कडी कच्ची निघाली, तर मूल शाळेबाहेर पडतं. म्हणून प्रत्येक कडी तपासायची.

बोस्टनच्या बायांनी भरलेली फी

ही पद्धत नवी नाही. महाराष्ट्रातल्या मुली शिकाव्यात म्हणून अमेरिकेतल्या बायांनी वर्गणी काढली, ती गोष्ट 1887 सालची आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा 1886 साली त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्या तिकडे गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. विषय एकच होता: आमच्याकडच्या बालविधवांना शाळा पाहिजे. त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीचे पैसे याच कामाला लावले. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ठिकठिकाणी सभासदांची छोटी मंडळं झाली. सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं द्यायचा, असं ठरलं.

त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला विद्यार्थिनी फक्त दोन. त्यातली एक होती गोदूबाई नावाची विधवा. पुढच्या वर्षी शाळा पुण्याला गेली. याच गोदूबाईंशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया' कर्वे झाल्या. कर्व्यांनी पुढे 1896 साली विधवांसाठी आश्रमाचं काम सुरू केलं आणि 1916 साली महिला विद्यापीठ काढलं. एक-एक डॉलरची वर्गणी कुठवर पोचली पाहा.

या गोष्टीतून आपल्याला तीन धडे घ्यायचे आहेत.

पहिला धडा: अटी आधीच स्पष्ट पाहिजेत. शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. कोणावर सक्ती नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. ठरलेली अट मोडली, असं पुण्यातल्या पुष्कळांचं म्हणणं होतं. 1893 साली वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बरोबर कोण होतं, यावर आजही चर्चा होते. पण शाळा सुटली ती मुलींचीच. देणारा, चालवणारा आणि पालक यांच्यात ठरलेलं धुसर राहिलं, की फटका मुलाला बसतो.

दुसरा धडा: देणाऱ्यानं येऊन बघितलं पाहिजे. असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज बाई बोस्टनहून स्वतः पुण्याला आल्या. तेव्हा आगबोटीचा लांबचा प्रवास होता, तरी आल्या. आज फोनवर शाळा दाखवता येते. मग कोणी "हिशोब कशाला बघता, विश्वास ठेवा" म्हणालं, तर ते मान्य करू नका. विश्वास आणि हिशोब बरोबरच चालतात, हे आपल्याला गटानंच शिकवलं आहे.

तिसरा धडा: मदत संपण्याच्या दिवसाची तयारी. मदत दहा वर्षांची आहे, हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून मुदत संपायच्या आतच त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. पुढं स्वतःच्या उत्पन्नावर चालता यावं, हा विचार होता. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी आपलं नागपूर होती त्या मुलखात, निराधार झालेल्या मुलींना त्यांनी आणलं, ते याच केडगावला.

कायदा काय म्हणतो?

परदेशी देणगीसाठी आपल्या देशात वेगळा कायदा आहे. परकीय योगदान नियमन कायदा, 2010. कागदावर त्याला 'एफसीआरए' म्हणतात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

1. परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. म्हणून नोंदणीबरोबर तिची तारीखही बघा.

2. 2020 साली कायदा कडक झाला. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच यावा लागतो.

3. अशी संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. "आमच्याकडे परवाना आहे, रक्कम तुमच्या गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या खात्यात वळवतो," असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. गटाचं खातं बचतीचं आणि कर्जाचं आहे, त्यात परदेशी देणगी घेऊ नका. संस्थेनं मुलीचा खर्च स्वतः करावा आणि पावती दाखवावी.

4. परदेशी देणगीतला 20 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा ऑफिस-व्यवस्थापनावर खर्च करता येत नाही. आधी ही मर्यादा 50 टक्के होती.

घरच्या माणसाची गोष्ट वेगळी. दुबईत नोकरी करणाऱ्या गावच्या मुलाचा पासपोर्ट भारतीयच असेल आणि त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला देणगी दिली, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर आडनाव मराठी असलं तरी देणगी परदेशीच.

आणि फसवणूक ओळखा. "तुमच्या मुलीला परदेशी स्कॉलरशिप लागली, आधी प्रोसेसिंग फी पाठवा," असा फोन आला तर पैसे पाठवू नका, ओटीपी सांगू नका. मदत देणारा आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या नंबरवर तक्रार करा.

आधी हक्काचं, मग मदतीचं

मदत शोधण्याआधी सरकारकडून मिळणारं घेतलं का, ते बघा. 6 ते 14 वयाच्या मुलांना सरकारी आणि जिल्हा परिषद शाळेत शिक्षण मोफत आहे. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पुष्कळ हुशार पोरं फॉर्म भरला नाही म्हणून मागं राहतात.

मग बाहेरची मदत कुठं लागते? समजा, गावातली शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढची शाळा लांब, एसटीची वेळ जुळत नाही, ऑटोला रोज पैसे लागतात. पास आहे पण गाडी नाही. शिवाय दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली, की फी भरलेली पोरगीसुद्धा वावरात दिसते. बोस्टन किंवा लंडनमध्ये बसलेल्या माणसाला हे कळणार नाही. तो फी पाठवेल आणि पोरगी शाळेत आहे असं समजेल. नेमकं कुठं अडतं ते तुम्हाला माहीत आहे. "फी नको, ऑटोचं भाडं द्या," हे सांगायला लाजू नका.

बैठकीत हे सात प्रश्न विचारा

1. संस्थेची नोंदणी कुठली? एफसीआरए नोंदणी असेल तर ती किती तारखेपर्यंत आहे?
2. पैसे कोणाला मिळणार: शाळेला, संस्थेला की पालकाला? पावती कोण देणार?
3. मुलं कोण निवडणार आणि कशावरून? यादी सगळ्यांसमोर वाचली जाईल का?
4. मदत किती वर्षांची? दहावीच्या आधी थांबली तर पुढं काय?
5. बदल्यात काही अपेक्षा आहे का? धर्म, राजकारण, लग्न, नोकरी, कसलीही अट असेल तर ती लेखी द्या.
6. मुलांचे फोटो आणि नावं कुठं वापरणार? पालकांना विचारल्याशिवाय फोटो द्यायचा नाही. फाटक्या कपड्यातच फोटो पाहिजे म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.
7. काही चुकलं तर तक्रार कोणाकडे करायची?

उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि खाली सह्या घ्या. चांगली संस्था या प्रश्नांवर रागावत नाही, उलट खूश होते. कारण तिलाही तिकडे देणाऱ्यांना हेच सांगावं लागतं.

आपणही देणारे आहोत

शेवटची गोष्ट. कर्व्यांनी विद्यापीठासाठी पूर्व आफ्रिकेपर्यंत जाऊन तिथल्या भारतीयांकडून देणग्या जमवल्या. पण 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढलं, तेव्हा ते इथल्याच साध्या माणसांकडे छोटी-छोटी वर्गणी मागत फिरले.

आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड, लेखे यांच्याबरोबर शिक्षणही आहे. 10 सभासदांच्या गटात प्रत्येकीनं महिन्याला 10 रुपये वेगळे ठेवले, तर वर्षाचे 1,200 होतात. गावात असे 12 गट असले तर ग्रामसंघाकडे 14,400 जमतात. त्यात एखाद्या पोरीच्या ऑटोचं भाडं निघतं. परदेशातली मदत आली तर ती यावर भर. नाही आली, किंवा मध्येच थांबली, तरी त्या पोरीची शाळा त्या दिवशी सुटणार नाही.

पुढच्या बैठकीत हे सात प्रश्न मोठ्यानं वाचून घ्या. आणि गावात आठवीत किती मुली आहेत, त्यातल्या किती जणींनी एनएमएमएसचा फॉर्म भरला, हे शाळेत जाऊन विचारून या.