बद्धकोष्ठता, क्षोभी आतडे आणि तंतुपूरके : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : आहारतंतू, इसबगोल, बद्धकोष्ठता, क्षोभी आतडे, वेगधारण, पाणी

प्रस्तावना :

पोट साफ न होणे ही तक्रार आपल्याकडे चारचौघांत बोलली जात नाही. प्राध्यापक कक्षात रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांची चर्चा मोकळेपणाने होते. मात्र औषधाच्या दुकानात इसबगोलाचा डबा मागताना आवाज आपोआप खाली येतो. या संकोचामुळे होते असे की ज्याला जे ऐकिवात येते ते तो करून पाहतो. कोणी रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतो, कोणी एरंडेल, कोणी गव्हाचा कोंडा. आपल्या ग्रामीण भागात तर सकाळी मिश्री लावल्याशिवाय किंवा तंबाखूची चिमूट दाढेखाली धरल्याशिवाय 'होत नाही' अशी अनेकांची खात्री असते. निकोटिनामुळे आतड्याची हालचाल वाढते, हे त्यातले तथ्य आहे. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मुखकर्करोगाची आहे.

तंतुपूरके, विशेषतः इसबगोल, कोणत्या तक्रारीवर उपयोगी पडतात, कशी कार्य करतात आणि कोठे निरुपयोगी किंवा अपायकारक ठरतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखिका वनस्पतिशास्त्राची अध्यापक आहे, वैद्यक व्यावसायिक नाही. म्हणून रोगनिदानाच्या प्रांतात शिरण्यापेक्षा वनस्पतीच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्याला वैयक्तिक अनुभवाचीही थोडी जोड आहे, ती योग्य ठिकाणी येईल.

आहारतंतूंचे स्वरूप :

वनस्पतिजन्य अन्नातील जो भाग मानवी पाचकरसांनी पचत नाही व जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोहोचतो, त्यास आहारतंतू म्हणतात. शालेय पुस्तकांत यालाच 'चोथा' म्हटलेले असे. चोथा म्हटले की फेकून देण्याची वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि 1970 पूर्वी वैद्यकशास्त्राचीही दृष्टी फारशी वेगळी नव्हती. युगांडात दीर्घकाळ काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी 1970 च्या दशकात आफ्रिकी ग्रामीण आहार आणि पाश्चात्त्य आहार यांची तुलना करून तंतूंच्या अभावाचा संबंध अनेक विकारांशी जोडला. तेव्हापासून चोथ्याला प्रतिष्ठा प्राप्त झाली. बर्किट यांची सर्वच अनुमाने पुढे टिकली नाहीत. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान 25 ग्रॅम नैसर्गिक आहारतंतूंची शिफारस केली, त्यामागे या विचाराचीच परंपरा आहे.

सर्व तंतू एकसारखे नसतात, हा या लेखातील मध्यवर्ती मुद्दा होय. सामान्यतः त्यांचे विद्राव्य आणि अविद्राव्य असे दोन वर्ग केले जातात. तथापि व्यवहारात याहून महत्त्वाचे दोन प्रश्न आहेत. तो तंतू पाणी धरून जेल बनवतो काय? आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे किण्वन करतात काय? ज्याचे किण्वन वेगाने होते तो वायू निर्माण करतो, पोट फुगवतो. जो किण्वित होत नाही आणि जेलही बनवत नाही, उदाहरणार्थ गव्हाचा जाडा कोंडा, तो आतड्याच्या अस्तराला घासत जातो व त्यातून पाणी आणि श्लेष्मा स्रवतो. निरोगी परंतु मंद आतड्याला हे घर्षण चालते. ज्याचे आतडे मुळातच हळवे आहे, त्याच्यासाठी ते दुखऱ्या जागी काथ्या घासण्यासारखे आहे.

इसबगोल : रचना व कार्य :

इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा ही रब्बी हंगामात येणारी लहान वनस्पती. हे नाव फारसीतून आले असून बीजाच्या आकारावरून त्याचा अर्थ 'घोड्याचा कान' असा सांगितला जातो. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश ही याची प्रमुख राज्ये असून उंझा ही त्याची प्रसिद्ध बाजारपेठ होय. जगात सर्वाधिक इसबगोल भारतातच पिकते. काढणीच्या वेळी पाऊस आला तर बी झडून जाते, एवढे हे पीक नाजूक आहे. आपल्याकडे ते रूढ नाही.

बाजारात मिळणारे 'सत इसबगोल' म्हणजे बीजावरणाचा बाहेरचा पापुद्रा. या थरातील पेशींमध्ये अरॅबिनोझायलन या शर्करेच्या शाखायुक्त साखळ्यांचा श्लेष्मल साठा असतो. बी रुजताना भोवती ओलावा धरून ठेवणे हे त्याचे निसर्गातील काम. आपण त्याच गुणाचा उपयोग करून घेतो. पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकात मी हे मोजनळीत दाखवते. एक ग्रॅम टरफल पुरेशा पाण्यात ठेवल्यास ते फुगून 40 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक जागा व्यापते. विद्यार्थ्यांना याचे नेहमीच नवल वाटते.

हे जेल लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यात त्याचे किण्वनही फारच कमी होते. त्यामुळे शोषलेले पाणी ते शेवटपर्यंत धरून ठेवते. मल कोरडा असेल तर त्यास मऊ करते. मल पातळ असेल तर अतिरिक्त पाणी शोषून त्यास आकार देते. जुन्या पिढीतील बायका जुलाबावर इसबगोल दह्यातून आणि बद्धकोष्ठतेवर कोमट पाण्यातून देत, त्यामागील संगती हीच आहे. सोनामुखीचे कार्य अगदी वेगळे आहे. ती आतड्याच्या चेता-स्नायूंना उत्तेजित करते व काही तासांत परिणाम दाखवते. इसबगोलास 12 ते 72 तास लागतात. दुसऱ्या दिवशी गुण आला नाही म्हणून डबा कपाटात ठेवून देणारे अनेक असतात, त्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

क्षोभी आतडे आणि कोंड्याचा गैरसमज :

क्षोभी आतडे, म्हणजे वैद्यकीय भाषेत इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ही निव्वळ बद्धकोष्ठता नव्हे. 2016 च्या रोम निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा मलविसर्जनाशी, त्याच्या वारंवारितेतील किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी संबंध, ही त्याची प्रमुख खूण होय. तक्रार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावे लागतात. कोणाला मलावरोध, कोणाला जुलाब, तर कोणाला आलटून पालटून दोन्ही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या कार्यगटाने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात समाजातील 4,500 व्यक्तींपैकी सुमारे 4.2 टक्क्यांत हा विकार आढळला. म्हणजे शंभर जणांच्या महाविद्यालयीन कर्मचारीवृंदात चार जण असावेत.

'पोटाला कोंडा चांगला' हा सल्ला या रुग्णांच्या बाबतीत कसा फसतो, याचे उत्तम उदाहरण नेदरलँड्समधील 2009 च्या एका चाचणीत मिळते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 275 रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटास रोज 10 ग्रॅम इसबगोल, दुसऱ्यास 10 ग्रॅम कोंडा आणि तिसऱ्यास केवळ तांदळाचे पीठ बारा आठवडे देण्यात आले. तीन महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेचा गुणांक इसबगोल गटात 90 ने उतरला, कोंडा गटात 58 ने, तर तांदळाच्या पिठाच्या गटात 49 ने. कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे चाचणी अर्धवट सोडली. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत विद्राव्य तंतूंची शिफारस केली आणि अविद्राव्य तंतूंची केली नाही, ती अशाच पुराव्यांच्या आधारे. तांदळाच्या पिठानेही 49 चा फरक पडावा, ही गोष्ट मात्र विचारात पाडणारी आहे. आतडे आणि मन यांचे नाते किती निकटचे आहे, याची ती साक्ष आहे.

प्रस्तुत लेखिकेने स्वतः दोन वर्षे कोंड्याची बिस्किटे आणि कच्च्या कोशिंबिरी यांचा मारा पोटावर केला होता. दुपारच्या तासाला पोट इतके फुगे की फळ्याकडे पाठ करून उभे राहणे नको वाटे. कोंडा थांबवून इसबगोल अल्प प्रमाणात सुरू केल्यावर तीन आठवड्यांत फरक पडला. एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मान्य करूनच ही नोंद केली आहे.

बारामती-इंदापूर परिसरातील आहार :

नीरा डाव्या कालव्याने या भागाचे दोन भाग केले आहेत. माळेगाव, सणसर, भवानीनगर हा बागायती उसाचा पट्टा, तर सुपे, मोरगाव हा जिरायती ज्वारी-बाजरीचा. पूर्वी दोन्हीकडे भाकरीच मुख्य होती. आज बागायती गावांत चपाती, भात आणि बेकरीतील पाव-खारी स्थिरावली आहे. 'भाकरी सुटली म्हणून पोट बिघडले' असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हे विधान अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10.2 ग्रॅम, बाजरीत 11.5 ग्रॅम आणि गव्हाच्या आट्यात 11.4 ग्रॅम आहारतंतू असतात. म्हणजे चाळून कोंडा न काढलेली चपाती भाकरीहून कमी नाही. घसरण होते ती मैदा आणि पॉलिश केलेला तांदूळ यांच्यामुळे. दोहोंत हे प्रमाण 2.8 ग्रॅमच्या आसपास आहे. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून 15 ग्रॅम तंतू मिळतात, तेवढ्याच मैद्यातून जेमतेम 4.

भाकरीबरोबर जे ताटात येत असे, ते विसरून चालणार नाही. मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मेथीची भाजी, जवसाची चटणी. यांपैकी जवसाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण त्याच्या बीजावरणातही इसबगोलासारखाच श्लेष्मल पदार्थ असतो. इंदापूर भागातील पेरूतही 100 ग्रॅममागे सुमारे साडेआठ ग्रॅम तंतू आहेत. चहाचे दोन भरलेले चमचे इसबगोल साधारण 4 ते 5 ग्रॅम भरते. ग्रॅमच्या हिशेबात एक मोठा पेरू त्यास मागे टाकतो. परंतु पेरूतील व ज्वारीतील बहुतेक तंतू अविद्राव्य आहेत. निरोगी माणसाने पेरू खावा, पूरकाच्या मागे लागू नये. क्षोभी आतड्याच्या रुग्णास तोच पेरू सोसेलच असे नाही. त्याला कांदा, लसूण आणि हरभराही कधी कधी फुगारा देतात, कारण त्यांतील काही शर्करा वेगाने किण्वित होतात.

सेवनविधी व मर्यादा :

प्रारंभ चहाच्या एका चमच्याने करावा. पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्यापूर्वी, लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. एक-दोन आठवड्यांत मात्रा हळूहळू वाढवून दिवसाला 7 ते 10 ग्रॅमपर्यंत न्यावी. कोरडे टरफल तोंडात टाकून वर घोट घेण्याची सवय धोक्याची आहे, ते घशात फुगून अडकू शकते. गिळण्यास त्रास असलेल्या वृद्धांनी ते घेऊ नये. इतर औषधे, विशेषतः थायरॉइडची गोळी, आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर असावे. मधुमेही व्यक्तींनी डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी, कारण साखरेचे शोषण मंदावते.

मलातून रक्त, वजनातील घट, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीच्या सुमारास नव्याने सुरू झालेली तक्रार किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास इसबगोल घेऊन वाट पाहत बसणे योग्य नाही. लोहाच्या गोळ्या व थायरॉइडची कमतरता ही कारणेही आधी तपासावी लागतात. काहींच्या बाबतीत मल आतड्यात तयार असतो, परंतु विसर्जनाच्या वेळी श्रोणीचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. अशांना तंतू वाढवून उलट त्रास होतो. त्यांना स्नायूंचे प्रशिक्षण हवे असते.

पाण्याचा प्रश्न :

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'न वेगान्धारणीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. अध्यापकी व्यवसायात हे पाळणे किती अवघड आहे, हे वाचकांस सांगावयास नको. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवताना बारामती-इंदापूर हा सुमारे 50 किलोमीटरचा प्रवास मी एस.टी.ने करीत असे. त्यांपैकी एका ठिकाणी स्त्रियांच्या स्वच्छतागृहास कुलूप असे आणि किल्ली शिपायाकडे मागावी लागे. ती मागण्यापेक्षा पाणी न पिणे मला सोयीचे वाटे. सकाळी सातला घर सोडल्यावर दुपारी तीनपर्यंत मी दोन घोटांवर काढत असे. इसबगोल मात्र नित्यनेमाने चालू होते, आणि त्या काळात बद्धकोष्ठता पूर्वीपेक्षा वाढली. चूक औषधाची नव्हती. पाणी धरणाऱ्या पदार्थाला मी पाणीच देत नव्हते.

खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेक जणी आजही हेच करतात. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच परत जातात. त्यांना 'तंतुमय आहार घ्या' असे सांगणे पुरेसे नाही, घातकही ठरू शकते. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटांची मोकळीक आणि उघडे, स्वच्छ, नळाला पाणी असलेले स्वच्छतागृह या गोष्टी वेळापत्रक समितीच्या व प्राचार्यांच्या अखत्यारीतील आहेत, आहारतज्ज्ञांच्या नव्हेत.

मोजनळीच्या प्रात्यक्षिकात मी आता दुसरी नळीही ठेवते. तिच्यात टरफल तेवढेच, पाणी मात्र अगदी थोडे. तासाभरात तिच्यात असा गच्च गोळा बसतो की नळी उलटी केली तरी तो हलत नाही. गेल्या वेळी तो काढण्यासाठी आधी पाणी ओतून पाहिले, मग काचकांडीने खरवडावे लागले.