महामार्गाच्या मधोमध एक स्टेशन

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिणेला हार्बर फ्रीवे नावाचे एक स्टेशन आहे. फलाटावर उभे राहिले की दोन्ही बाजूंनी मोटारी भरधाव जातात. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. जवळ ना घर, ना दुकान. एका मजल्यावर रेल्वे, दुसऱ्यावर बस आणि चहूकडे पुलांचे काँक्रीट. रात्री म्हाताऱ्या आईला किंवा लहान मुलाला घेऊन इथे थांबायचे, तर जीव थोडा धास्तावणारच.

मग रेल्वे अशा जागी आणलीच का? त्यामागे एक खटला आहे. १०५ क्रमांकाचा हा महामार्ग आखला गेला तेव्हा त्याच्या वाटेत हजारो घरे येत होती, त्यांत कृष्णवर्णीय आणि गरीब कुटुंबांची पुष्कळ. हॉथॉर्नच्या कीथ दाम्पत्याचे घरही त्यात होते. १९७२ साली त्यांनी इतरांसोबत सरकारला कोर्टात खेचले. न्यायाधीश हॅरी प्रेगरसन यांनी काम थांबवले. तोवर अनेक घरे रिकामी झाली होती. ती तशीच ओस पडून राहिली आणि उरलेल्या शेजाऱ्यांना त्या ओसाडीत दिवस काढावे लागले. खटला जिंकण्याची ही किंमत सहसा कोणी सांगत नाही.

१९७९ मध्ये तडजोड झाली. रस्ता होईल, पण विस्थापितांसाठी घरे बांधायची, स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना कामात वाटा द्यायचा आणि मधली पट्टी सार्वजनिक वाहतुकीसाठी राखायची. महामार्ग १९९३ मध्ये खुला झाला, तर रेल्वे १२ ऑगस्ट १९९५ रोजी. ज्या चौकात हे स्टेशन आहे, त्या चौकाला आज प्रेगरसन यांचेच नाव आहे.

मधल्या पट्टीचा फायदा उघड होता: रुळांसाठी वेगळी घरे पाडावी लागली नाहीत, शिवाय वाटेत फाटक नाही की सिग्नलचा चौक नाही. पण रस्ता जिथून जाईल तिथूनच गाडी जाणार. माणसे कुठे राहतात, हा प्रश्न मागे पडला. त्यातही गंमत अशी की विमानतळाजवळून जाणारी ही रेल्वे विमानतळाला टेकलीच नाही. तीस वर्षे प्रवासी अलीकडेच उतरून, बॅगा उचलून बस पकडत. विमानतळाचे नवे स्थानक उघडले ते जून २०२५ मध्ये. पूर्वेचे टोक नॉरवॉकला संपते; तिथून उपनगरी रेल्वेचे स्टेशन चारेक किलोमीटरवर आहे आणि तेवढ्यासाठी अजूनही बसच धरावी लागते.