हालचालीचे शास्त्र आणि प्रयोगशाळेचे दार

खुबा दुखू लागला की घरातील ज्येष्ठांच्या हाती काठी येते, आणि बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. वास्तविक ती विरुद्ध हातात असावयास हवी. एका पायावर उभे राहताच शरीर दुसऱ्या बाजूला कलू पाहते. त्यास सावरण्यासाठी खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू जोराने आखडतात, आणि त्यांच्या ओढीमुळे चालताना सांध्यावर पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट होतो. विरुद्ध हातातील काठी सांध्यापासून दूर टेकत असल्यामुळे, तरफेच्या न्यायाने, थोड्याशा जोरात त्या स्नायूंचा बराच भार हलका करते. हा हिशेब मांडणारे शास्त्र म्हणजे जैवयांत्रिकी, अर्थात बायोमेकॅनिक्स.

वाचकहो, अभियांत्रिकी, फिजिओथेरपी, वैद्यक किंवा क्रीडाशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पाल्याला या विषयाची गोडी लागली, तर लवकरच एक प्रश्न उभा राहतो : संशोधनाचा अनुभव देणारी इंटर्नशिप मिळवावी कोठे? (वैद्यक व फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमातील सक्तीची आंतरवासिता ती निराळी. येथे विचार आहे तो सुट्टीतील दोन-तीन महिन्यांच्या संशोधनकार्याचा.)

आपल्याकडे या विषयाला अभ्यासकांची निकड आहे, कारण आपले बसणे-उठणेच वेगळे आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, अनवाणी शेतात जाणे यांचा विचार परदेशी कृत्रिम पायांत नव्हता. म्हणूनच 1968च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडविला. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील पुनर्वसन संशोधन केंद्राने 2022मध्ये ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा सादर केला. पवईच्या आयआयटी मुंबईत 2014पासून ‘बेटिक’ या केंद्रात वैद्यकीय उपकरणे घडविली जातात, आणि त्या कामात डॉक्टर व अभियंते एकत्र बसतात. हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तर कृत्रिम अवयव बसविलेले रुग्ण प्रत्यक्ष चालावयास शिकताना दिसतात.

संधी दोन वाटांनी येते. पहिली वाट जाहीर योजनांची. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती, आयआयटी मद्रास आणि आयआयटी गांधीनगर यांचे उन्हाळी उपक्रम, आणि एमबीबीएस व बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन योजना या त्यांतील प्रमुख. अकादमींसारख्या योजनेचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच मागविले जातात. परीक्षा संपल्यावर शोध घेणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. तारखा दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच पडताळाव्यात.

दुसरी वाट प्राध्यापकांना थेट पत्र लिहिण्याची, आणि माझ्या मते तीच अधिक फलदायी. मात्र एकच मजकूर शंभर जणांना धाडण्यात काही अर्थ नाही. ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे’ हे वाक्य प्राध्यापकांनी पुष्कळदा वाचलेले असते. त्याऐवजी त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचून त्यातील एका बाबीविषयी नेमका प्रश्न विचारावा, आपल्याला काय येते ते दोन ओळींत सांगावे, आणि उपलब्ध असण्याच्या तारखा कळवाव्यात. पत्र पडद्यावर एका नजरेत मावेल एवढेच असावे.

‘काय येते’ याचे उत्तर मात्र आधी कमवावे लागते, आणि ते घरीही कमावता येते. खुर्चीवरून उठण्याची क्रियाच घ्या. खुर्चीच्या बाजूला, क्रियेशी काटकोनात मोबाइल स्थिर ठेवावा. खांदा, खुबा, गुडघा व घोटा येथे रंगीत टिकल्या चिकटवाव्यात आणि चित्रफीत घ्यावी. ‘किनोव्हिया’ या विनामूल्य प्रणालीत ती उघडून गुडघ्याचा व धडाचा कोन प्रत्येक क्षणी मोजता येतो. मग खुर्ची बुटकी घ्यावी. धड अधिक पुढे झुकते, गुडघा अधिक वाकलेल्या स्थितीतून उठावे लागते. हातांनी रेटा दिला की गुडघ्यावरील ताण घटतो. याचा आलेख काढला, कॅमेरा तिरपा झाल्यास कोन किती चुकतो हेही तपासले, तर पत्रासोबत जोडण्याजोगे चार पानांचे टिपण हाती येते. पुढची पायरी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ‘ओपनसिम’ ही प्रणाली. तीही विनामूल्य आहे, आणि सरावासाठी तयार नमुनेही तिच्यासोबत मिळतात. थोडे पायथॉन येत असेल तर उत्तम. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी संगणकाला बिचकू नये. सांधा हाताने चाचपून ओळखण्याचे त्यांचे कौशल्य अनेक अभियंत्यांपाशी नसते.

या प्रयोगासाठी आजीला विनंती करायची, तर तिला हेतू समजावून सांगावा, जवळ कोणी उभे राहावे, आणि तिने नको म्हटले की तेथेच थांबावे. ती चित्रफीत कौटुंबिक गटावरही पाठवू नये. प्रयोगशाळेतही हाच दंडक असतो : माणसांवरील अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची लेखी संमती लागते.

प्रत्यक्ष कामाविषयीही पाल्याला आधीच कल्पना द्यावी. जमिनीत बसविलेल्या बलमापक पट्ट्या, भोवतालचे कॅमेरे, अंगावरचे चमकते ठिपके हे दृश्य मोहक असते. परंतु एका तासाच्या मोजणीनंतर कित्येक दिवस निसटलेले ठिपके शोधण्यात आणि आकडे स्वच्छ करण्यात जातात. ज्याला हे कंटाळवाणे वाटते, त्याला ते पहिल्याच उन्हाळ्यात उमगले तर बरेच.

शुल्क घेऊन ‘संशोधन इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहिलेलेच बरे. काम कोणते, मार्गदर्शक कोण आणि प्रयोगशाळा कोठे, या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नयेत. उलट, खऱ्या संस्थेतही विद्यावेतन मिळेलच असे नाही. होकार कळविण्यापूर्वी वसतिगृह मिळेल का, जेवणाचा खर्च किती, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र लागेल का, हे लेखी विचारून घ्यावे. पवईसारख्या भागात दोन महिन्यांची खोली मिळविणे सोपे नाही. पत्राला उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदाच नम्र स्मरण द्यावे, आणि मग आपल्याच जिल्ह्यातील फिजिओथेरपी महाविद्यालयात चौकशी करावी.