लॅपटॉपमधली जागा वाढवताना

आता समजा, १२८ जीबीची एसएसडी भरली. काय करायचं? मंडळी, नवी ड्राइव्ह घेण्याआधी मॉडेल नंबरावरून लॅपटॉपची माहितीपुस्तिका बघा. एम.२ची पट्टी बहुधा २२ मिलिमीटर रुंद असते. साटा आणि एनव्हीएमई दिसायला जवळपास सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिथे बाहेरून यूएसबी ड्राइव्ह लावणं हाच सोपा मार्ग. मात्र लक्षात घ्या, लॅपटॉपमधले फोटो पुसून त्या ड्राइव्हवर हलवले, तर तो बॅकअप नव्हे. प्रत एकच राहिली ना? ड्राइव्ह बिघडली की सगळंच गेलं. म्हणून जागेचा खर्च काढताना दुसऱ्या प्रतीचाही धरा.